जास्तीचं ताट

सावद्याला केळी भरून होईतो रात्रीचे दोन वाजले.
घडांवर पाला, पाल्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर दोर,
आणि दोर आवळताना बोटं माझी नव्हतीच,
कुणाकडून उसनी आणल्यासारखी.
हमाल हातावर फुंकर मारत म्हणाले,
आज बागा चरकणार.

पिंपरूड सोडलं आणि रस्ता संपला.
म्हणजे होता तो, चाकांखाली लागत होता,
पण बोनेटच्या पुढचं जग कुणी पुसून घेतलेलं.
तापीवरून चढलेलं धुकं,
आणि थंडी अडवायला बागाबागांतून पेटवलेल्या
ओल्या काडीकचऱ्याचा धूर.
केळी वाचवणारा धूर
केळी नेणाऱ्यांच्या डोळ्यांत.

रुबाब तडवी, माझे उस्ताद.
त्यांनी अप्पर मारला नाही.
"अप्पर मारलास तर धुकं तुझाच उजेड
तुझ्याच तोंडावर फेकतं."
टेप बंद केला,
दोन्ही काचा खाली घेतल्या,
आणि जानेवारी सरळ आत येऊन
आमच्या मधोमध बसला.
"डोळे गेले पेन्शनीत. आता कान लाव, पोरा."

पुलाच्या अलीकडे गाडी थांबली.
"उतर."

पाठीवर पांढरा टॉवेल सुतळीनं बांधलेला,
हातात बॅटरी,
आणि मागे हिरव्या केळींचा अख्खा ट्रक
माझ्या चपलांच्या चालीनं येणारा.
डावा हात कठड्यावर. लोखंड चावत होतं.
खांब मोजत निघालो,
सव्वीस की सत्तावीस, तिथं आकडा सांडला.
खाली तापी असणार.
तिनं आवाज दिला नाही.

मग वास आला.
दिसलं काहीच नाही, नुसता वास,
कापलेल्या उसाचा, गोडसर, ओला.
मी बॅटरी आडवी हलवली.
मागे ब्रेकची हवा फुस्स सुटली.
हात पुढे केला
तर उसाची टोकं तळव्याला लागली.

लाल दिवा नाही, रेडियम नाही,
मागे चार दगडसुद्धा लावलेले नाहीत.
टायर बसलेला.
आणि ट्रॅक्टरवाला ट्रॉलीच्या चाकाला टेकून
घोंगडीत गुरफटलेला.
"काय करू ऱ्हायला रे इथं?"
"कोणी येईल म्हणून वाट पाहू ऱ्हायलो, भाऊ."
"येणारच होतं कोणी," उस्ताद म्हणाले,
"साठच्या स्पीडनं."

एवढंच. शिवी नाही दिली.
आधी त्याला चाकापासून उठवून कठड्याच्या कडेला नेलं.
मग केबिनमध्ये चढले,
भाकरीचं फडकं सोडलं,
स्टीलचं ताट काढून बाहीनं पुसलं.
काठावर कोरलेलं, जैतूनबी,
आणि खाली लग्नाची तारीख.
ते उसाच्या मोळीला तारेनं आवळलं,
दोन्ही बाजूंनी ओढून पाहिलं,
मला मागे पिटाळलं आणि ओरडले,
"मार बॅटरी!"
मारली.
ताटानं ओ दिली.

उरलेला हंगाम उस्ताद केळीच्या पानावर जेवले.
घरी विचारणा झाली तेव्हा म्हणाले,
"ताट ना? नोकरीला लागलं.
रातपाळी आहे."
जैतूनबी त्यावर हसल्या
की आठ दिवस बोलल्याच नाहीत,
हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता स्टिअरिंग माझ्याकडे.
नवा पोरगा, तोताराम, कोळ्याचा,
भरीत-भाकरीचा डबा उघडला की दर वेळी मोजतो,
माणसं दोन, ताटं तीन.
हे कोणाचं, विचारतो.
मी भाकरी मोडतो.
सांगून कळण्यातलं नाही,
आणि थंडीत बोलायला तोंडही उघडत नाही.

काल पुन्हा तापीवर तेच पांढरं.
टेप बंद केला. काच खाली घेतली.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
"उतर," म्हणालो,
आणि टॉवेल त्याच्या पाठीवर
मी स्वतः बांधला, गाठ दोनदा ओढून.